बाराव्या भागाचं गौडबंगाल

'हरवलेल्या वस्तू ज्याच्या चपलांचा आवाज ओळखतात, असा माणूस शंभर वर्षांतून एकदा जन्माला येतो. तो आलेला आहे. भेटायची वेळ सकाळी दहा ते बारा. दुपारी झोप.'

ही पाटी थोरल्या जावयांनी स्वतः रंगवली, स्वतः दारावर ठोकली आणि ठोकताना हातोडी अंगठ्यावर बसली तेव्हा बोंबललेही स्वतःच. खाली नाव नव्हतं, नुसतं 'शोधमहर्षी' एवढंच. नाव का नाही, असं कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "सूर्याखाली कुणी 'सूर्य' असं लिहितं का?" लोक मान डोलवायचे आणि भाजी घेऊन घरी जायचे.

शोधमहर्षींनी एकतीस वर्षं बसडेपोच्या हरवलं-सापडलं खिडकीत काढली होती. तेवढ्या काळात चौदा हजार छत्र्या, अगणित डबे, कवळ्यांच्या सात जोड्या आणि एकदा एक शिडी त्यांनी ज्याची त्याला परत दिली. आता यात त्यांनी शोधलं काय, हा प्रश्न मनात आला तरी गिळावा. वस्तू कंडक्टर आणून द्यायचे, मालक आपल्या पायांनी यायचे, आणि मधे हे बसलेले. पण एकतीस वर्षं रोज कुणीतरी समोर उभं राहून "सापडली बाई एकदाची" म्हणत राहिलं, तर कुणालाही वाटेल की हे आपल्याच बुद्धीचं काम. शोधमहर्षींना तर तसं वाटायला फार कारण कधी लागलंच नाही.

हे सगळं सोसायला घरात एक माणूस लागतो. तो म्हणजे त्यांचे धाकटे साडू, घड्याळजी. जिन्याखाली दीड माणसाच्या जागेत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. एका डोळ्याला भिंग लावून दिवसभर खाली मान. गिऱ्हाईक कमी, म्हणून शोधमहर्षींनी त्यांना परस्पर 'सहायक' नेमून टाकलं होतं. नाही म्हणायची सोय नव्हती. साडू हे नातंच तसं, भांडून तोडता येत नाही आणि हसून सुटता येत नाही. दोघांनी एकाच घरात मान अडकवलेली असते.

त्या सोमवारी दोघांनाही त्या घरातून बोलावणं आलं. सासूबाईंचं.

सासूबाईंनी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केलेली. लोकांचे फोन जोडून द्यायचे आणि तीन मिनिटं झाली की तोडायचे. त्यामुळे आजही कुणी लांबण लावली की त्या मधेच "झालं?" म्हणायच्या. डावा डोळा तरुणपणीच गेलेला. उरला उजवा, त्यात मोतीबिंदू पिकून बसलेला. डॉक्टरांनी तीनदा तारीख दिली आणि सासूबाईंनी तीनदा मोडली. आता डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, की या गुरुवारी आलात तर ठीक, आणखी थांबलात तर डोळ्यातला दाब वाढेल आणि मग माझ्याही हातात काही राहणार नाही.

"गुरुवारी यायला माझी ना नाही," सासूबाई म्हणाल्या. "पण आधी मला बारावा भाग हवा."

बारावा भाग म्हणजे 'श्रद्धायान' या मालेचा. आधीचे अकरा भाग उशाशी रचलेले होते, घरातल्या चार जणांच्या कार्डांवर वाचनालयातून आणलेले आणि वर्षभर परत न केलेले. शंभर-शंभर पानांच्या साहसकथा. अंतराळात एक यान फिरत असतं. त्यात एक कप्तान, एक यंत्रज्ञ, एक स्वयंपाकी आणि एक संशयी स्वभावाचा संगणक. दर भागात काहीतरी बिघडतं. साठाव्या पानापर्यंत शास्त्राचे सगळे उपाय होतात आणि एकही लागू पडत नाही. मग कप्तान दिवे मालवतो, चौघंही, म्हणजे संगणक धरून, दोन मिनिटं गप्प बसून देवाचं नाव घेतात, आणि दिवे लागले की यंत्रज्ञाच्या ध्यानात येतं, अरे, हा स्क्रू उलटा बसलाय. घड्याळजींनी दुकानात गिऱ्हाईक नसताना त्यातले तीन भाग गुपचूप वाचले होते. तिन्ही वेळा स्क्रू कुठला ते त्यांनी आधीच ओळखलं, तरी दिवे मालवायच्या पानाशी दर वेळी त्यांनी भिंग काढून डोळे पुसले होते. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

अकराव्या भागात यान घराकडे निघतं, इंधन संपत आलेलं असतं, आणि कुठली तरी तांबडी धूळ यानाच्या एकुलत्या एक खिडकीवर बसते. बाहेरचं काही म्हणजे काही दिसत नाही. 'कप्तानाने कळ दाबली आणि डोळे मिटले.' इथे भाग संपतो.

"यान उतरतं की नाही, हे कळल्याशिवाय मी त्या टेबलावर आडवी होणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "वाचनालयात चार चकरा झाल्या. वहीत लिहिलंय 'उपलब्ध', आणि कपाटात नाही. थोरले जावईबापू, हे काम तुमचंच. तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे."

शोधमहर्षींची छाती सदऱ्याच्या दोन नंबरने पुढे गेली. आजवर सासूबाईंनी त्यांच्याबद्दल असं वाक्य उच्चारलं नव्हतं. घड्याळजींना मात्र जरा आश्चर्य वाटलं. घरात लाटणं हरवलं तरी सासूबाई आधी थोरल्यांना बाहेर पाठवायच्या आणि मग शोधायला लागायच्या.

"आई, दोन दिवसांत छडा लावतो," शोधमहर्षी म्हणाले. "आधी पुरावा. हे अकरा भाग मी ताब्यात घेतो."

"कशाला? ते कुठे हरवलेत?" सासूबाई एकदम म्हणाल्या.

"न हरवलेली वस्तूच हरवलेल्या वस्तूबद्दल बोलते."

"झालं?"

पण तोवर अकरा भाग पिशवीत गेले होते. जिना उतरताना घड्याळजींच्या बायकोने नवऱ्याला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "ही तारीख चुकली तर आईचा डोळा गेलाच समजा. पुस्तक आणा. भावजींच्या भरवशावर राहू नका." घड्याळजींनी मान हलवली आणि दुकानाला कुलूप घातलं.

मंगळवारी सकाळी दोघं वाचनालयात पोचले. लांबट खोली, दोन्ही भिंतींना कपाटं. डाव्या भिंतीवर 'विज्ञान', उजव्या भिंतीवर 'धार्मिक'. समोरच्या भिंतीवर एक मोकळा चौकोन, कारण तिथलं 'संकीर्ण' नावाचं कपाट महिन्यापूर्वी वाळवीने खाल्लं आणि समितीने मोडीत काढलं. खोलीच्या बरोबर मधे लोखंडी चाकांची गाडी उभी, पुस्तकं इकडून तिकडे न्यायची. छताचे पोपडे पडतात म्हणून तिच्यावर जुना पडदा अंथरलेला. शोधमहर्षींनी खोलीवर एक नजर फिरवली आणि गाडीला तपासाचं टेबल म्हणून पसंत केलं. पडद्यावर थर्मास ठेवला, वही ठेवली, घड्याळजींचं भिंग ठेवलं, आणि शेजारच्या खुर्चीत बसून उरलेल्या जागेत एक पाय ठेवला.

"बाई, पुरावा झाडू नका," त्यांनी केर काढणाऱ्या मावशीला बजावलं. मावशीने त्यांच्या पायाकडे पाहिलं आणि दुसरीकडून झाडायला सुरुवात केली. वाचनालयात केर काढणं, पाणी भरणं आणि पुस्तकं जागेवर लावणं, तिन्ही कामं तिच्याच गळ्यात होती.

सकाळचे ग्रंथपाल म्हणजे निवृत्त गणिताचे मास्तर. खिशात टोकदार पेन्सिल आणि खोडरबर, कपाळाला कायमची आठी.

"बारावा भाग उपलब्ध आहे," ते म्हणाले.

"कुठे आहे?"

"विज्ञान विभागात नाही. एवढं मी छातीठोक सांगतो. जिथे इंजिन प्रार्थनेने सुरू होतं, ते पुस्तक माझ्या विज्ञानात राहू शकत नाही."

"मग कुठे गेलं?"

"ती वाचनालयाची अंतर्गत बाब आहे. वर्गणीदारांना सांगता येत नाही. समितीचा नियम आहे."

शोधमहर्षींनी डोळे बारीक केले. घड्याळजींना ही नजर ओळखीची होती. ही नजर आली की पुढचा तास वाया जायचा.

त्यांनी अकरा भाग उघडले आणि भिंगाखाली घेतले. तिथे खरंच एक नवल होतं. दर भागात समासात टोकदार पेन्सिलीने प्रश्न लिहिलेले होते. 'प्रकाशापेक्षा जास्त वेग? कसा?' 'हवा नसताना शिट्टी ऐकू कशी आली?' 'भात कशावर शिजवला?' आणि प्रत्येक प्रश्नाखाली दुसऱ्या हाताने एकच उत्तर होतं: 'श्रद्धेने.'

"प्रश्न कुणाचे ते उघड आहे," घड्याळजी हळू आवाजात म्हणाले आणि मास्तरांच्या खिशाकडे पाहिलं.

"प्रश्न महत्त्वाचे नसतात, साडूबुवा. उत्तरं बघा, उत्तरं. पहिल्या भागात अक्षर केवढं आहे?"

"तांदळाच्या कणीएवढं."

"चौथ्यात?"

"वाटाण्याएवढं."

"आणि अकराव्यात हा एक शब्द वरपासून खालपर्यंत अख्खा समास खाऊन बसलाय." शोधमहर्षींनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि एक घोट घेतला. "निष्कर्ष. गुन्हेगाराचा आत्मविश्वास वाढत चाललाय. बाराव्या भागात त्याचा शब्द पानात मावणार नव्हता. म्हणून त्याने पुस्तकच नेलं."

"कुठे लिहायला?"

"ते त्याला विचारू. सापडल्यावर."

सुतावरून स्वर्ग गाठणारे लोक असतात. शोधमहर्षींना सूतही लागत नसे. तरी ती वाढत गेलेली अक्षरं घड्याळजींच्या डोक्यात कुठेतरी अडकली. का ते त्यांना सांगता आलं नसतं.

दुपारनंतर ग्रंथपाल बदलले. संध्याकाळच्या ग्रंथपाल बाई फार देवभोळ्या, देवाचं नाव घेतल्याशिवाय टाचणीसुद्धा उचलायच्या नाहीत. त्यांच्या टेबलावर सकाळ-संध्याकाळची निरोपाची वही पडलेली होती, आणि बाई पाणी प्यायला उठल्या तेव्हा शोधमहर्षींनी ती उलटी धरून वाचून काढली. महिनाभर रोज दोनच नोंदी. सकाळी मास्तरांच्या अक्षरात 'धा. कडे.' संध्याकाळी बाईंच्या अक्षरात 'वि. कडे.' पुन्हा सकाळी 'धा. कडे.'

"सांकेतिक लिपी," शोधमहर्षी पुटपुटले. "दोन टोळ्या. माल इकडून तिकडे जातोय. वि. कोण ते सावकाश कळेल. पण धा. म्हणजे…" ते हळूहळू वळले. "धाकटे. साडूबुवा, महिनाभर रोज सकाळी तुम्ही कुठे असता?"

"तुमच्याबरोबर. माझ्या दुकानात. माझा पेपर वाचता तुम्ही."

"साक्षीदार कोण?"

"तुम्हीच."

"अरेरे," शोधमहर्षी म्हणाले. "साक्षीदार फारच भक्कम आहे." आणि त्यांनी जड मनाने वहीत घड्याळजींच्या नावावर रेघ मारली.

घड्याळजींनी पाणी पिऊन आलेल्या बाईंना सरळ विचारलं, "बाई, श्रद्धायानाचा बारावा भाग धार्मिक कपाटात असेल का हो?"

बाईंनी कानाला हात लावले. "देवा रे. माझ्या धार्मिकात रॉकेट? संतांच्या चरित्रांशेजारी रॉकेट उभं करू मी? ते तिथे नाही, आणि मी असेपर्यंत असणारही नाही."

"मग तुम्ही त्याचं…"

"अंतर्गत बाब आहे," बाई म्हणाल्या आणि देवाचं नाव घेऊन वही मिटली.

बुधवारी शोधमहर्षी वेषांतर करून आले. स्वतःच्या मिशीवर त्यांनी खोटी मिशी चिकटवली होती. "दोन मिशांच्या माणसावर कुणी संशय घेत नाही," असं त्यांचं शास्त्र होतं. मास्तर म्हणाले, "या, शोधमहर्षी." बाई म्हणाल्या, "या, शोधमहर्षी." मावशीने नुसता झाडू थांबवून मिशीकडे पाहिलं, कारण ती एका बाजूने सुटून त्यांच्या चहात पडली होती. त्यांनी ती पिळली आणि पडद्यावर वाळत घातली.

दिवसभरात तीन नवे तर्क झाले. एका तर्कात वाळवी होती. शोधमहर्षींनी बाराव्या भागाचा तिने फडशा पाडल्याचं सिद्ध केलं आणि मग वाळवी पुठ्ठा आधी खाते की पानं, यावर स्वतःशीच वाद घातला. दुसऱ्यात छापखाना होता. बारावा भाग छापलाच गेला नाही, असा. तिसऱ्यात पुन्हा घड्याळजी होते.

घड्याळजी मात्र मधल्या वेळात दोन्ही भिंतींची कपाटं शेवटच्या कप्प्यापर्यंत पालथी घालून बसले होते. शर्टाला धूळ, कोपराला जाळी. पाच वाजले तसा त्यांचा धीर सुटायला लागला. उद्या आठ वाजता हॉस्पिटल. सासूबाई एकदा नाही म्हणाल्या की एक्स्चेंजची लाइन तुटल्यासारखंच, परत लागायची नाही. रिकाम्या हाताने कसं जायचं त्यांच्यापुढे?

"दादा, बास करा आता," ते म्हणाले. शोधमहर्षींशी ते असं कधी बोलत नसत. "उद्या त्यांचा डोळा जाईल. आणि आपण इथे मिशा वाळवतोय."

शोधमहर्षींनी थर्मासचं झाकण लावलं. त्यांनी पाय गाडीवरून खाली घेतला. त्यांचा चेहरा एकाएकी अगदी बसडेपोतल्या रांगेत शेवटी उभ्या असलेल्या माणसासारखा झाला. "मला वाटलं होतं, या खेपेला सापडेल हो," ते म्हणाले.

तेवढ्यात मावशी आली. "पाय काढलात ते बरं झालं. आता तो थर्मास पण उचला. आणि मिशी. माझी वेळ झाली."

"कसली वेळ?"

"केर झाला की मी तीन-चार पानं वाचते. काल तुमच्यामुळे बुडालं."

तिने पडदा बाजूला सारला, गाडीच्या वरच्या कप्प्यातून एक पातळ पुस्तक काढलं, खुणेसाठी घातलेली केरसुणीची काडी ओढली आणि उभ्या उभ्याच वाचायला लागली. पुठ्ठ्यावर एक यान होतं. खाली लिहिलं होतं, 'श्रद्धायान, भाग बारावा.'

पुठ्ठ्यावर थर्मासच्या बुडाचा गोल डाग उमटलेला होता.

"मावशी," घड्याळजी कसेबसे म्हणाले, "हे इथे कधीपासून आहे?"

"महिना झाला की. ते समोरचं कपाट मोडलं, तेव्हा यालाच तेवढी जागा उरली नाही. सकाळचे साहेब म्हणतात, यात देव आहे, तिकडे लाव. संध्याकाळच्या बाई म्हणतात, यात रॉकेट आहे, इकडे लाव. मी दोन दिवस इकडचं तिकडे केलं. मग म्हटलं, मरू दे, गाडी दोघांच्या मधेच उभी आहे. ते वहीत लिहितात, मी केर काढते."

ग्रंथपाल बाईंनी निरोपाची वही हळूच ड्रॉवरमध्ये सरकवली.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" शोधमहर्षींचा आवाज चिरका झाला. "दोन दिवस मी इथे…"

"मला कुणी विचारलं? तुम्ही तर तीनदा सांगितलंत, बाई, पुरावा झाडू नका. नाही झाडला." तिने पुस्तक मिटलं. "काखेत कळसा म्हणतात, तुम्ही तर त्याच्यावर पाय ठेवून बसला होता."

घड्याळजींनी तिला सासूबाईंचं सगळं सांगितलं. मावशी क्षणभर घुटमळली. तिची अजून अकरा पानं राहिली होती. मग तिने काडी काढून घेतली आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं. "न्या. पण उतरतं की नाही ते मला सांगायचं नाही. मी माझी वाचीन."

सासूबाईंच्या खोलीत दोघं पोचले तेव्हा दिवे नुकते लागले होते. शोधमहर्षी वाटेतच सावरले होते. एव्हाना त्यांच्या हकिगतीत गाडीवर पाय ठेवणं ही मुद्दाम केलेली नाकाबंदी झाली होती.

"आई, सापडला," ते दारातूनच म्हणाले.

सासूबाईंच्या चेहऱ्यावर आनंद दिसायला हवा होता. घड्याळजी बघत होते आणि त्यांना तो दिसला नाही. सासूबाईंनी पुस्तक हातात घेतलं, दिव्याशी धरलं, पहिलं पान उघडलं. थोड्या वेळाने उलटलं. तेवढ्याच वेळाने दुसरं. मग तिसरं. घड्याळाच्या सेकंदकाट्यासारखं, अगदी सारख्या अंतराने. वाचणारा माणूस असं वाचत नाही. कुठे रेंगाळतो, कुठे पळतो.

आणि मग घड्याळजींना ती अक्षरं आठवली. तांदळाच्या कणीएवढी, वाटाण्याएवढी, मग अख्खा समास भरून.

"दादा," ते म्हणाले, "खाली जाऊन सगळ्यांना बातमी द्या ना. तुम्हीच सांगितलेली बरी."

शोधमहर्षी असली विनंती कधी नाकारत नसत. जिन्यावरून त्यांचा आवाज उतरत गेला, "सगळे या. बसून ऐका."

घड्याळजी पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले. "आई, ती 'श्रद्धेने' उत्तरं तुम्ही लिहिलीत ना?"

"दंड किती आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"दंडाचं सोडा. अकरावा भाग कसा वाचलात?"

"एका दिवसाला एक पान. चष्मा, भिंग आणि उन्हाची तिरीप. सगळं एकदम लागायचं."

"आणि हा?"

सासूबाईंनी पुस्तक मांडीवर ठेवलं.

"यात अक्षरं आहेत की नुसती पांढरी पानं, तेच कळत नाहीये मला," त्या म्हणाल्या. "मला फार भीती वाटते हो. एकच उरलाय. आता निदान खिडकी कुठे आणि दार कुठे ते कळतं. ते लोक त्याला सुरी लावणार आणि पट्टी काढल्यावर अंधारच असला तर? म्हणून म्हटलं, बारावा भाग हवा. तो काही सापडत नव्हता. चार चकरा मारून बघितलं होतं मी. आणि शोधायला थोरल्यांना सांगितलं, म्हणजे तर काळजीच नाही. माझा त्यांच्यावर विश्वास होता."

घड्याळजींना हसू आलं आणि डोळेही भरले. दोन्ही एकदमच झालं.

"वाचून दाखवू?" त्यांनी विचारलं.

"नको."

"आई, मी चाळीस वर्षं घड्याळं उघडतोय. उघडताना अजून भीती वाटते. एवढीशी स्प्रिंग उडाली की गेली. लोकांच्या आजोबांची घड्याळं असतात ती."

"मग काय करता?"

"दिवा मालवतो. दोन मिनिटं गप्प बसतो. मग दिवा लावतो आणि उघडतो."

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, म्हणजे आवाज येत होता त्या दिशेला. "तुम्ही पण वाचता होय श्रद्धायान?"

"तीन भाग. दुकानात."

"बघा की. आणि उघडल्यावर काय सापडतं?"

"बहुतेक वेळा एखादा स्क्रू उलटा बसलेला असतो."

त्या हसल्या. मग त्यांनी हात लांबवून दिव्याचं बटण चाचपलं आणि दिवा मालवला. दोघं अंधारात बसून राहिले. खालून शोधमहर्षींचा आवाज येत होता, "…आणि तेव्हा मी मुद्दाम पाय हलवला नाही."

दिवा लागला तेव्हा सासूबाईंनी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. "हॉस्पिटलच्या पिशवीत टाका. साडीच्या घडीत. आणि गजर सहाचा लावा. तुमचं कुठलंही घड्याळ नको, दुसऱ्या दुकानातलं लावा."

सहा आठवड्यांनी बाराही भाग वाचनालयात परत आले. घड्याळजींनी ते मास्तरांच्या टेबलावर ठेवले. शोधमहर्षी सोबत होतेच. दारावरच्या पाटीशेजारी लावायला त्यांनी आता दुसरी पाटी रंगवायला घेतली होती, तिच्यावर 'बाराव्या भागाचे शोधक' असं लिहायचं ठरलं होतं.

मास्तरांनी एकेक भाग उघडून पाहिला आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बारा वर्षांपूर्वी पेन्सिलीने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला कुणीतरी उत्तर दिलं होतं. एकही रिकामा सोडला नव्हता. शेवटी त्यांनी बारावा भाग घेतला, शेवटचं पान उघडलं. कप्तान डोळे उघडतो आणि समोरची खिडकी स्वच्छ असते, तिच्यातून घर दिसतं. शेजारी समासात त्यांचाच प्रश्न होता, 'काच स्वच्छ कशी झाली?' आणि त्याच्या खाली काहीतरी इतकं बारीक लिहिलेलं होतं, की मास्तरांनी पुस्तक लांब धरलं, जवळ धरलं आणि खाली ठेवलं.

शोधमहर्षी वाकले. "अक्षर अगदीच बारीक झालंय. गुन्हेगार घाबरलाय. आता तो परत येणार नाही."

घड्याळजींनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं. पहिल्या भागातल्यापेक्षाही बारीक, कणीच्याही अर्धं, आणि एकेक काना-मात्रा जागच्या जागी. त्यांनी दोनदा वाचलं आणि भिंग मास्तरांना दिलं.

'श्रद्धेने. आणि डॉक्टरांनी.'

मास्तरांनी नियमाप्रमाणे खिशातून खोडरबर काढलं. थोडा वेळ हातात धरलं आणि परत खिशात ठेवलं.

"मग," त्यांनी घसा खाकरून विचारलं, "हे आता लावायचं कुठे?"

मावशीने झाडू भिंतीला टेकवला, पदराला हात पुसले आणि पुस्तक त्यांच्या हातून घेतलं.

"गाडीवर," ती म्हणाली. "माझी अकरा पानं राहिलीत."